बडोद्यात घर भाड्याने की विकत? नव्याने येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

दर जूनमध्ये आमच्याकडे दोन-तीन फोन ठरलेले असतात. कुणाच्या मुलाला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी लागलेली असते, कुणाची मुलगी एम.एस. युनिव्हर्सिटीत शिकवायला येणार असते, कुणाची बदली कोयलीच्या रिफायनरीत झालेली असते. विचारणं मात्र एकच: "काकू, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा सरळ फ्लॅटच बुक करू का?"

आम्ही १९९८ साली पुण्याहून इथे आलो. अकरा वर्षं भाड्याने राहिलो, त्यात पाच घरं बदलली, आणि मग मांजलपूरला स्वतःचं घर घेतलं. आयुष्यभर मी हिशेब लिहिण्याचं काम केलं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर देत नाही, कागदपेन्सिल घ्यायला सांगते. "भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि त्यावर विश्वास ठेवून पुष्कळ तरुण मुलं पहिल्याच वर्षी कर्जात अडकतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा

बडोद्यात आल्या आल्या घर विकत घेऊ नका. हे मी सगळ्यांना सांगते, अगदी ज्यांच्या हातात पैसे तयार आहेत त्यांनाही. याचं कारण विश्वामित्री.

ही नदी शहराच्या मधून वळणं घेत जाते. उन्हाळ्यात पुलावरून पाहिलं तर खाली बारीकशी धार आणि काठावर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतात. ही नदी घरात शिरू शकते, यावर तेव्हा विश्वास बसत नाही. पण ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तर शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्यात होता. वरून पाऊस आणि आजवा सरोवरातून सोडलेलं पाणी एकत्र आलं की काठाजवळच्या वस्त्यांचं काही चालत नाही. वडसर, समा, मुजमहुडा, अकोट्याचा काही भाग ही नावं दर वेळी ऐकू येतात. पण एकाच भागातली एक सोसायटी कोरडी राहते आणि पलीकडच्या गल्लीत कमरेएवढं पाणी असतं, म्हणून भागाच्या नावावर जाऊ नका.

घर पाहायला गेलात की दलालाला विचारून उपयोग नाही. सोसायटीच्या वॉचमनला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा: "२०२४ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं?" माणसं हाताने भिंतीवर खूण करून दाखवतात. पार्किंगच्या भिंतीवर ओलाव्याची आडवी रेघ असते, ती पाहा. लिफ्टची मोटर आणि विजेची मीटरं तळमजल्यावर आहेत की उचलून बसवली आहेत, तेही पाहा. ज्या सोसायटीने पुरानंतर मीटरं वर घेतली, तिने काहीतरी भोगलेलं असतं. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यालाही याने फरक पडतो: घर कोरडं राहतं, पण गाडी बुडते आणि तीन-तीन दिवस वीज-पाणी नसतं.

एक पावसाळा काढला की हे सगळं आपोआप कळतं. शिवाय ऑफिसला जायचा रस्ता, मुलांची शाळा, पाणी महापालिकेचं येतं की बोअरचं, याचाही अंदाज येतो. महापालिकेच्या हद्दीला लागून जी नवी बांधकामं उभी आहेत, तिथे पाण्याची चौकशी न लाजता दोनदा करा.

दुसरी पायरी: भाड्याचं घर नीट घ्या

इथे करार बहुतेक अकरा महिन्यांचा होतो, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि घरमालक ते टाळतात. डिपॉझिट मुंबईसारखं डोळे फिरवणारं नसतं. बहुतेक ठिकाणी एक-दोन महिन्यांचं भाडं मागतात. दलाली आधी ठरवा. करार वाढवताना भाडं किती टक्क्यांनी वाढणार, हे पहिल्याच करारात लिहून घ्या. "जोईशुं", म्हणजे "बघू नंतर", यावर समाधान मानू नका. रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, तेही लिहून घ्या. आमचं एक डिपॉझिट जवळजवळ सगळं रंगातच गेलं होतं.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. ते काम घरमालकाचं असलं तरी पाठपुरावा तुम्ही करा. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. बऱ्याच सोसायट्यांमध्ये घर दाखवण्याआधी "नॉनव्हेज खाता का?" असं विचारतात. खात असाल तर खरं सांगा आणि दुसरं घर शोधा. लपवून राहिलेल्या एका कुटुंबाला तिसऱ्या महिन्यात सामान हलवावं लागलेलं मी पाहिलं आहे. फतेहगंज, निझामपुरा, सयाजीगंज या बाजूंना विद्यार्थी आणि बाहेरगावचे लोक जास्त, तिथे ही अडचण कमी येते. मराठी शेजार हवा असेल तर दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या जुन्या भागांत आधी चौकशी करा. गणपतीच्या दिवसांत तिथे आरत्या ऐकू आल्या की पुण्याहून आलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. मात्र जुन्या वाड्यांत पार्किंग नसतं आणि जिने उभे असतात, हे आईवडिलांना आणणार असाल तर लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: कागदावर दोन खाती मांडा

हे सगळ्यात महत्त्वाचं. एक वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे "विकत" आणि उजवीकडे "भाडं" लिहा. मी एक उदाहरण करून दाखवते. आकडे धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा फ्लॅट ५० लाखांचा आहे. तसाच फ्लॅट त्याच सोसायटीत १३,००० रुपये भाड्याने मिळतो. विकत घ्यायचा तर १० लाख स्वतःचे आणि ४० लाख कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. मेंटेनन्स आणि महापालिकेचा वेरा (घरपट्टी) धरून महिन्याला २,५०० आणखी. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या खिशातून महिन्याला ३७,२०० जातात, भाडेकरूच्या खिशातून १३,०००. फरक चोवीस हजारांचा. या फरकाचं पुढे काय होतं, त्यावर सगळा हिशेब उभा आहे.

आधी हप्त्याच्या पोटात काय आहे ते बघा. पहिल्या महिन्याच्या ३४,७०० मधले २८,३०० नुसतं व्याज असतं. पाच वर्षांत तुम्ही एकूण २० लाख ८३ हजार भरता, पण मुद्दल फिटतं फक्त पावणेपाच लाख. उरलेले १६ लाख बँकेचे. भाडं परत येत नाही तसं हे व्याजही परत येत नाही. हा आकडा मी दाखवला की मुलं गप्प होतात.

आता समजा पाच वर्षांनी बदली झाली आणि घर विकावं लागलं. घराची किंमत दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढली असं धरलं तर ते पावणेचौसष्ट लाखांना जाईल. त्यातून उरलेलं कर्ज, विकण्याची दलाली आणि भांडवली नफ्यावरचा साडेबारा टक्के कर वजा करा. हातात साडेसव्वीस लाखांच्या आसपास राहतात. भाडेकरूने तेच सुरुवातीचे पैसे (१० लाख आणि स्टॅम्प ड्युटी-नोंदणीचे सुमारे ३ लाख) आणि दर महिन्याचा फरक बाजूला टाकला, त्यावर करानंतर ७ टक्के मिळाले, आणि भाडं दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढलं असं धरलं, तर त्याच्याकडे साधारण सव्वाचौतीस लाख असतात. साडेसात लाखांचा फरक, भाडेकरूच्या बाजूने. घराची किंमत ७ टक्क्यांनी वाढली तरीही पाच वर्षांत भाडेकरूच दोन लाखांनी पुढे.

पंधरा वर्षांचा हिशेब करा म्हणजे चित्र बदलू लागतं. किंमत ५ टक्क्यांनी वाढली तर विकून हातात येतात ८० लाखांच्या आतबाहेर आणि भाडेकरूकडे ९३ लाख. किंमत ७ टक्क्यांनी वाढली तर घरवाल्याकडे १ कोटी ९ लाख, आणि तो पुढे. म्हणजे लांबच्या पल्ल्यात एक-दोन टक्क्यांनी पारडं इकडचं तिकडे होतं, आणि पुढच्या पंधरा वर्षांत बडोद्यातल्या घरांच्या किमती किती टक्क्यांनी वाढतील हे ठामपणे सांगणाऱ्या माणसाचं मी ऐकत नाही.

आता तिसरं गणित, जे मला सर्वात खरं वाटतं. भाडेकरूने फरकाचे पैसे दर महिन्याला टाकलेच नाहीत तर? अर्धेच टिकले, अर्धे नव्या गाडीत आणि हॉटेलात गेले, तर पंधरा वर्षांनी त्याच्याकडे ६४ लाख उरतात. घरवाला ५ टक्के वाढीतही पंधरा-सोळा लाखांनी पुढे निघून जातो. हप्ता हा बँकेने लावलेला सक्तीचा गल्ला आहे. भाडेकरूला तो गल्ला स्वतः लावावा लागतो. म्हणून मी सांगते: बँकेला सांगून पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती रक्कम खात्यातून आपोआप कापली जाईल अशी सोय करा, आणि सहा महिने ती पाळता येते का बघा. पाळता आली तर भाड्याने राहणं तुम्हाला परवडतं. नाही पाळता आली तर, खरं सांगायचं, तुमच्यासाठी हप्ताच बरा. शिवाय त्या सहा महिन्यांत ३७ हजारांचा बोजा अंगाला पेलतो का, याची तालीमही होऊन जाते.

भाड्याबद्दल एक गोष्ट विसरू नका, ते वाढत जातं. आजचे १३,००० दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांनी २३,००० होतात आणि सतराव्या वर्षाच्या आसपास आजच्या हप्त्याला गाठतात. हप्ता व्याजदराप्रमाणे थोडा खालीवर होईल, पण वीस वर्षांनी संपेल. भाडं म्हातारपणीही चालूच राहतं, तेव्हा पेन्शन असो वा नसो. पन्नाशीनंतर भाड्याने राहणाऱ्यांच्या हिशेबात ही रक्कम वेगळी काढून ठेवलेली असली पाहिजे.

चौथी पायरी: किती वर्षं राहणार, हे घरच्यांसमोर बोला

आकड्यांनंतर एकत्र बसा. नवरा-बायको दोघांच्याही नोकऱ्या बडोद्यातच राहतील का? बदलीची नोकरी असेल तर पाच वर्षांच्या आत घर घेण्यात मला अर्थ दिसत नाही. वरचा हिशेब तेच सांगतो. मुलं पाचवीच्या पुढे गेली की शाळा बदलणं जड जातं, तेव्हा एका जागी राहण्याला पैशांपलीकडची किंमत येते. गावाकडचे आईवडील पुढे तुमच्याकडे राहायला येणार असतील तर लिफ्ट, तळमजला, जवळ दवाखाना हे आतापासून धरा.

पाचव्यांदा सामान हलवलं तेव्हा माझी मुलगी चौथीत होती. तिने विचारलं, "या घरात भिंतीवर उंचीच्या खुणा केल्या तर चालतील का?" घर घ्यायचं आम्ही त्या संध्याकाळी ठरवलं. हिशेबाच्या वहीत तो प्रश्न कुठे लिहायचा हे मला आजही कळत नाही, पण त्याचं वजन होतं.

पाचवी पायरी: किमतीच्या वरचा खर्च मोजा

गुजरातमध्ये स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. ५० लाखांवर हे २ लाख ९५ हजार होतात. ड्युटी जंत्रीचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर आणि खरी किंमत यांत जे जास्त असेल त्यावर लागते, आणि एप्रिल २०२३ मध्ये जंत्री बरीच वाढली आहे. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ होते. मात्र ज्याचं नाव मालकीत आहे आणि जो कर्जातही आहे त्यालाच करातली सूट मिळते, तेव्हा एका सवलतीसाठी दुसरी गमावत नाही ना, ते पाहा. करातली सूट म्हणजे तरी काय? स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीतच आहे. नव्या पद्धतीत ती नाही, आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. "टॅक्स वाचेल" म्हणून घर घेणाऱ्यांनी आधी आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते बघावं.

बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या गटातल्या घरावर १ टक्का. बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस (आगाऊ कर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. हे अनेकांना नोटीस आल्यावर कळतं.

बँक किती देते? ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के, ही रिझर्व्ह बँकेने घातलेली वरची मर्यादा आहे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी सहसा यात धरत नाहीत. म्हणजे ५० लाखांच्या घरासाठी १० लाख, वर तीन लाख, वर पंखे-कपाटं-ओट्याची ट्रॉली. आणि याशिवाय सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम न मोडता बाजूला. ती नसेल तर आणखी दोन वर्षं भाड्यात काढा, त्यात कमीपणा नाही.

सहावी पायरी: कागद

आम्ही २००७ मध्ये पायाच भरलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केला. बिल्डरने ताबा चौदा महिने उशिरा दिला. ते चौदा महिने आम्ही भाडंही भरत होतो आणि कर्जाचं व्याजही. तेव्हा रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, नव्हता. आता आहे, तर त्याचा पुरेपूर उपयोग करा. गुजरेराच्या, म्हणजे गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून ताब्याची तारीख, मंजूर नकाशे, किती फ्लॅट विकले गेले ते पाहा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. किंमत कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, बोला. इथे अजूनही "सुपर बिल्टअप"चा (जिना-लिफ्टसारखी सामाईक जागा धरून) आकडा आधी सांगतात, आणि टेनामेंट (स्वतंत्र घर) किंवा डुप्लेक्स असेल तर चौरस वारात.

बानाखत म्हणजे विक्रीचा करार, दस्तावेज म्हणजे अंतिम खरेदीखत. बानाखताने मालकी येत नाही. जमीन बिनखेती (बिगरशेती) झाली आहे का, टी.पी. स्कीममध्ये (नगररचना योजनेत) अंतिम प्लॉट कोणता, त्यातून रस्ता जाणार का, हे भायली, सेवासी अशा नव्याने भरत असलेल्या भागांत विचारलंच पाहिजे. जुन्या शहराच्या आणि आणखी काही भागांत अशांत धारा, म्हणजे तणावग्रस्त भागांतल्या मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवर बंधन घालणारा कायदा, लागू आहे. तिथे दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते, आणि तिच्याशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही. जुना फ्लॅट घेताना मागची सगळी खरेदीखतं, सोसायटीचं नाहरकत पत्र, वेराबिल आणि लाइटबिल भरल्याच्या पावत्या घ्या. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेसाठी. आपला वेगळा वकील करा, त्याची फी या सगळ्यात सगळ्यात लहान रक्कम असते.

घरात राहायला जाण्याआधी घराचा विमा काढा, आणि त्यात पुराचं संरक्षण आहे हे वाचून घ्या. बडोद्यात हा खर्च टाळू नका.

सातवी पायरी: घर घेतल्यानंतर

फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. दिवाळीचा बोनस आला की पहिल्या सात-आठ वर्षांत थोडं थोडं मुद्दल फेडा, कारण व्याज तेव्हाच जास्त असतं. आमच्या उदाहरणात दर वर्षी एक जादा हप्ता भरला तर वीस वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं.

वेराबिल, लाइटबिल, पाइप गॅस, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट या चारही ठिकाणी आपलं नाव लागलं की नाही ते पहिल्या वर्षातच तपासा. आणि कर्ज फिटलं त्या दिवशी बँकेकडे मूळ दस्तावेज लेखी मागा. तीस दिवसांच्या आत ते परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपयांप्रमाणे भरपाई तुम्हाला मिळायला हवी. आमचे कागद बाविसाव्या दिवशी आले. मी प्रत्येक पान मोजून घेतलं, जुन्या यादीशी ताडून पाहिलं, मगच सही केली.